लाल झाकणाची ट्यूब

थोरलीने लाल झाकणाची ट्यूब उजेडासमोर धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली आणि रॅकमध्ये अशी आपटली की पलीकडच्या टेबलावरच्या टेक्निशियनबाई दचकल्या.

"हे रक्त गोठलंय का? तुम्हीच सांगा, ह्याला गोठणं म्हणतात का?"

टेक्निशियनबाईंनी ट्यूबकडे न बघताच मान हलवली. मॅडमना अशा वेळी उत्तर नको असतं, फक्त कान हवे असतात, हे त्यांना या लॅबमध्ये आल्याच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घालून नुसतं ठेवून दिलं की ते गोठतं. त्यासाठी पदवी लागत नाही. हे मात्र पातळ पाकासारखं इकडून तिकडे हिंदकळत होतं. तरीही जे काही वर सुटलं होतं ते थोरलीने मशीनला लावलं होतं, आणि मशीनने इमानदारीने सांगितलं होतं: कॅल्शियम दोन, पोटॅशियम एकोणीस.

"म्हणजे हा कुत्रा मेलाय," थोरली म्हणाली. "मेलाय आणि दवाखान्यात बसून शेपटी हलवतोय. वा!"

घडलं काय होतं, ते तिला मशीनकडे जाण्याआधीच कळलं होतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबला आतून एक क्षार लावलेला असतो. तो रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतो, म्हणून त्या ट्यूबमधलं रक्त गोठत नाही. पेशी मोजायला तेच हवं असतं. कॅल्शियम मोजायचं तर ट्यूब लालच लागते. पण एखादा महाभाग आधी जांभळी ट्यूब भरून बसतो, लालला रक्त कमी पडतं, कुत्र्याला पुन्हा सुई टोचायचा कंटाळा येतो, आणि मग तो जांभळीतलं थोडं लालमध्ये ओततो. रक्तच आहे ना, इकडचं काय नि तिकडचं काय! त्याबरोबर क्षारही जातो, कॅल्शियम गडप होतं आणि त्याच क्षारातलं पोटॅशियम आकाशाला भिडतं.

प्राण्यांच्या डॉक्टरांबद्दल थोरलीचं मत एका वाक्यात मावणारं होतं, पण ती ते कधीच एका वाक्यात आटपत नसे. एक जण रक्त गाडीत उन्हात ठेवून दुपारभर गावभर फिरवायचा आणि मग "अर्जंट" असं लिहून पाठवायचा. दुसरा ट्यूब खोकल्याच्या औषधासारखी खळाखळा हलवायचा. तिसऱ्याने एकदा इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत रक्त पाठवलं होतं, वर बूच म्हणून कापसाचा बोळा. आणि ह्या सगळ्या दिवट्यांचा मुकुटमणी म्हणजे तिचा स्वतःचा धाकटा भाऊ. ही ट्यूब त्याचीच होती.

धाकट्याचा दवाखाना तुडुंब चालायचा. का चालायचा, तर तो गोड बोलायचा. कुत्र्यांशी गोड, मालकांशी त्याहून गोड. म्हातारं मांजर शेवटच्या घटका मोजत असलं तरी "बघू ना, आपण प्रयत्न करू" म्हणायचा. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. थोरली त्याला शहाण्या म्हणायची.

एरवी तिने चार शिव्या हासडून "नमुना पुन्हा पाठवा" असा निरोप दिला असता आणि विषय संपवला असता. पण आज रक्त मुकादमचं होतं. मुकादम म्हणजे बाबांचा कुत्रा. घरात कोण आलं, कोण गेलं, कुणी किती काम केलं यावर दिवसभर देखरेख ठेवतो म्हणून त्याचं नाव मुकादम. गेला महिनाभर तो हंडाभर पाणी पीत होता, जेवणाकडे पाठ फिरवत होता, आणि उठताना त्याचे मागचे पाय लटपटत होते. बाबांच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. दोनदा तारीख ठरली, दोनदा त्यांनी काहीतरी खुसपट काढून मोडली. तिसरी तारीख उद्याची होती. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की आता पुढे ढकललंत तर आम्हाला दोष देऊ नका. आणि काल संध्याकाळी बाबा म्हणाले, "मुकादमला काय झालंय ते आधी कळू दे. त्याला भलतंसलतं काही निघालं तर मी काही त्याला सोडून जाणार नाही."

म्हणजे एका माणसाचा जीव ह्या एका ट्यूबवर अडकलेला होता, आणि ती ट्यूब शहाण्याने नासवली होती.

तिने फोन लावला.

"ओतलंस ना?"

"काय ओतलं?"

"ओतलंस की नाही, एवढंच सांग."

मग धाकटा म्हणाला, "थोडं कमी पडलं गं ताई. खराब आलंय का?"

"खराब? अरे, शिकलास कशाला मग? कुठल्या तोंडाने पाटी लावलीस दारावर?"

"मग तसं बाबांना सांग ना," तो घाईने म्हणाला. "नमुना खराब झाला म्हणून. दोन-चार दिवसांनी पुन्हा घेऊ."

"दोन-चार दिवसांनी? उद्या त्यांना अॅडमिट व्हायचंय, गाढवा! त्यांना नुसतं एक निमित्त हवंय. थांब तिथेच. मीच येते."

"ताई, तू नको येऊस. इथे खूप गर्दी आहे, मी..."

तिने फोन ठेवला. पिशवीत सिरिंज, सुया, कापूस आणि दोन लाल ट्यूब टाकल्या. जांभळी एकही घेतली नाही.

दवाखान्यात नेहमीप्रमाणे जत्रा होती. पिंजऱ्यातली मांजरं, मांडीवरची पिल्लं, आणि "डॉक्टर फक्त एक मिनिट" म्हणणारे मालक. थोरली कुणाकडेही न बघता सरळ आत गेली. मुकादम आतल्या खोलीत सतरंजीवर पडला होता. तिला पाहून त्याने शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, पण उठला नाही. पुढच्या पायाला सलाईन लावलेलं होतं.

"हे कशाला?" तिने बाटलीकडे बोट दाखवलं. "काही समजलं नाही की लाव सलाईन. लोकांनाही वाटतं, काहीतरी चाललंय."

धाकट्याने मुकादमचं डोकं हातात घेतलं आणि मान हलकेच वर केली.

"आज राहू दे ताई. दमलाय तो."

"धर नीट."

तिने मानेची शीर बोटाने चाचपली, सुई घातली आणि रक्त हळूहळू ओढलं. घाई केली तर पेशी फुटतात, हे काही शहाण्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मग झाकण काढून लाल ट्यूब भरली. दुसरी भरली. मुकादमने हूं की चूं केलं नाही.

"असं घेतात," ती म्हणाली. "बघितलंस? ह्यात काही रॉकेट उडवायचं नसतं."

ती निघाली तर धाकटा एप्रन काढून मागोमाग आला.

"तू कुठे?"

"येतो तुझ्याबरोबर."

"आणि बाहेरची जत्रा?"

"थांबतील."

थांबतील म्हणे! पेशंट टाकून फिरायला निघाला, आणि लोक ह्याला देवमाणूस म्हणतात. गाडीत ती वाटभर बोलत होती. लहानपणी हा गृहपाठ कसा तिच्या वहीतून उतरवायचा आणि उतरवतानाही कसा चुकायचा, कॉलेजात कसा काठावर पास झाला, बाबांनी ह्याला कसं डोक्यावर बसवून ठेवलं, सगळं काढलं. धाकटा खिडकीबाहेर बघत होता. एरवी तो एखादा तरी विनोद करायचा, "झालं का, की अजून बालवाडी बाकी आहे?" असं काहीतरी. आज तेही नाही.

लॅबमध्ये तिने ट्यूब रॅकमध्ये उभ्या केल्या. रक्त गोठायला वेळ लागतो, तेवढा तिने दिला. टेक्निशियनबाई जेवायला गेल्या. मग तिने ट्यूब मशीनमध्ये फिरवून घेतल्या. खाली घट्ट गोळा, वर स्वच्छ पिवळसर पाणी. बघूनच जीव निवावा असा नमुना. तिने तो धाकट्याच्या नाकासमोर धरला.

"हे बघ. डोळे भरून बघून घे, परत कधी दिसायचा नाही तुला."

त्याने बघितलं नाही. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून आपल्या हातांकडे बघत होता.

मशीनने आकडा दिला. तिने तो वाचला, पुन्हा नमुना लावला, आणि दुसऱ्या ट्यूबमधलाही लावला. तिन्ही वेळा तेच.

"सोळा," ती म्हणाली.

कुत्र्याच्या रक्तात कॅल्शियम दहा-अकराच्या आसपास असतं. सोळा कशाने होतं, याची यादी फार मोठी नसते, आणि त्या यादीत सगळ्यात वर जे असतं ते कुणाला घरात ऐकायला नको असतं.

धाकट्याने मान हलवली. नवल वाटलेल्या माणसासारखी नाही. ऐकलेलंच पुन्हा ऐकल्यासारखी.

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. कॅल्शियम असं वाढलं असेल तर पहिल्यांदा सलाईनच लावतात. भरपूर लावतात. ते ती दवाखान्यात पोचली तेव्हाच लावलेलं होतं. तिचा आकडा यायच्या आधीपासून.

"तुला माहीत होतं."

"शेपटीखाली गाठ आहे," तो म्हणाला. "बोराएवढी. काल हाताला लागली. आणि हे पाणी पिणं, हे पाय. असल्या गाठीने कॅल्शियम वाढतंच. आकडा किती येणार, एवढाच प्रश्न होता."

"मग तू..."

"बाबा म्हणाले, ताईकडेच पाठव, दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही. तुला कळलं असतं तर तू सांगितलं असतंस. ते विचारणार आणि तू सांगणार, तोंडावर. तुझं तसंच असतं."

"तर? खोटं बोलू?"

"नाही ना! म्हणून तर ओतलं." त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "तू बघशील, मला शिव्या देशील, आणि बाबांना सांगशील की ह्याने नमुना घालवला. त्यात काय खोटं होतं? आणि मी घालवला म्हटल्यावर त्यांना शंकासुद्धा आली नसती. त्यांचं ऑपरेशन होऊन ते घरी आले असते, मग सावकाश सांगितलं असतं. तोवर सलाईनवर सांभाळतो मी त्याला. तू सुई घेऊन येशील असं नव्हतं वाटलं."

थोरलीने सकाळची ट्यूब पुन्हा हातात घेतली. जांभळीतलं किती ओतायचं, म्हणजे आकडा नुसता चुकणार नाही तर चुकलाय हे बघताक्षणी कळेल, एवढा विचार ह्या माणसाने केला होता. आणि ती गाडीत त्याची बालवाडी काढत होती.

फोन वाजला. बाबाच होते.

"काय गं, आलं का मुकादमचं?"

तिने धाकट्याकडे पाहिलं. तो स्टुलावरून अर्धवट उठला होता.

"सकाळचा नमुना खराब निघाला, बाबा," ती म्हणाली. इथवर खरं होतं.

"खराब म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या लाडक्या लेकाने ह्या ट्यूबमधलं त्या ट्यूबमध्ये ओतलं. अक्कल गहाण टाकून."

"मग दुसरा घ्यायचा ना लगेच."

तिच्या समोर रॅकमध्ये दोन ट्यूब उभ्या होत्या. लाल झाकणाच्या, नितळ, काठोकाठ.

"कुठला दुसरा?" ती म्हणाली. "मला इथे काय कामं नाहीत? तुम्ही घरी आलात की घेऊ. कुत्रा ठीक आहे. मी स्वतः बघून आले आत्ता."

"खरंच ठीक आहे?"

"मला बघून शेपटी हलवली त्याने. पोट बिघडलंय, दुसरं काही नाही. उद्या तुम्ही गुपचूप अॅडमिट व्हायचं."

बाबा म्हणाले, "तू म्हणतेस तर असेल ठीक. तो म्हणाला असता तर नसता विश्वास बसला. बरं, जातो उद्या." आणि लगेच, "पण त्याला फार बोलू नकोस हं. लहानपणापासून धांदरट आहे तो. मनाने चांगला आहे."

आवाज फुटला तर बाबांना कळेल, म्हणून थोरलीने तो चढवला.

"बोलू नको? बाबा, ह्या माणसाला ट्यूब भरता येत नाही! गाढव आहे गाढव! ह्याच्या हाती कुणी उंदीरसुद्धा देऊ नये! कुणी ह्याला डॉक्टर केलं?"

बाबा हसायला लागले. खूप दिवसांनी हसत होते. हसता हसता त्यांना धाप लागली तेव्हा ती थांबली.

समोरून धाकट्याने हाताने खूण केली. बोल, अजून बोल.