दुसरा प्रश्न विचारायचा नाही

फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये मुंगी शिरायलाही जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, उरलेले लोक जिन्यात दाटीवाटीनं बसले. समोरच्या टेबलावर एक काळं कपाट होतं, त्याला जाळीचा स्पीकर आणि एक निळा दिवा. दिवा लुकलुकला की सगळे श्वास रोखायचे, कारण मग त्या कपाटातून कोणाची तरी गेलेली आई बोलायची, कोणाचा गेलेला भाऊ.

"आत्मा म्हणजे काय? तरंग!" वाणीबाबा माइकवर गरजले. "आणि तुमचं वायफाय म्हणजे काय? तेही तरंगच! मग घोडं अडतं कुठं? पासवर्डपाशी! आणि पासवर्ड कोणता?"

"श्रद्धा!" लोक ओरडले.

"शाब्बास! पण एका बैठकीत एका आत्म्याला एकच प्रश्न. उलटून दुसरा विचारलात, तर आत्म्याला यातना होतात. आपल्याच माणसाला यातना द्यायच्यात का?"

कोणाला द्यायच्या असणार? सगळ्यांनी माना हलवल्या. वायफायवरून येणाऱ्या आत्म्याला दुसऱ्याच प्रश्नाला धाप का लागावी, हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

तिसऱ्या रांगेत म्हातारा मशीनमन बसला होता. सगळा जन्म छापखान्यात गेलेला. मशीनच्या खडखडाटानं त्याचा डावा कान पार गेला होता, उजवा कामापुरता उरला होता. गेल्या वर्षी बायको गेली आणि घरात बोलणारं कोणी राहिलं नाही. दिवसभरात गाठ पडायची ती दूधवाल्याशी, आणि तोही पिशवी दाराच्या कडीला अडकवून निघून जायचा. एकट्यासाठी काय स्वयंपाक करायचा म्हणून तो पुष्कळदा चहा-पावावर दिवस काढायचा.

एकटेपणाही त्यानं सोसला असता. एक गोष्ट मात्र सोसवत नव्हती. त्या सकाळी बायको न्हाणीघरात पडली, तेव्हा हा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होता, आणि कानातलं यंत्र फळीवर होतं. डॉक्टर म्हणाले, "लगेच गेल्या असतील, नाहीतर थोडा वेळ गेला असेल. नक्की सांगता येत नाही." त्या थोड्या वेळानं त्याचं काळीज पोखरलं होतं.

निळा दिवा लुकलुकला. त्याचा नंबर आला. तो उठला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तू मला हाक मारली होतीस का?"

"अहो! ऐकताय ना?" कपाटातून खणखणीत आवाज आला. तिचाच! "नाही हो मारली! झोपेत जावं तशी गेले मी! जिवाला लावून घेऊ नका! बरं, ठेवते!"

मशीनमन मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांकडे पाहिलं. जिन्यातल्या लोकांनीही डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तो भाचीकडे गेला. भाची शाळेत विज्ञान शिकवायची. वह्या तपासता तपासता तिनं सगळं ऐकून घेतलं. मामाचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळलेला पाहून तिलाच बोलावंसं वाटेना. पण शिक्षकाची जात, गप्प बसवलं नाही.

"मामा, मामीचा फोन त्यांनी मागून घेतला होता का?"

"हो. शुद्धीच्या पेटीत आठवडाभर ठेवतात. फोनवर माणसाच्या बोटांचे संस्कार असतात म्हणे."

"बोटांचे असतील नसतील, व्हॉइस मेसेज नक्की असतात. आणि बाहेरच्या खोलीत कोणी काही विचारलं?"

"एक ताई पाणी देते, चौकशी करते. भली आहे बिचारी. मी सांगितलं तिला सगळं. इतक्या दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं गं."

भाचीनं पेन खाली ठेवलं. "मामी बोलली कशी? आवाज सोडा, बोलली कशी?"

"कशी म्हणजे? ओरडून. मला ऐकू यावं म्हणून."

"घरात ओरडायची?"

मशीनमन आठवू लागला. घरात ती कधीच ओरडायची नाही. उजव्या बाजूला यायची, खांद्यावर हात ठेवायची आणि हळू बोलायची. ओरडायची ती फक्त फोनवर.

"आणि 'ठेवते' म्हणाली," भाची हळूच म्हणाली. "मामा, वर काय टेलिफोन बूथ आहे?"

तो चिडला. "तुला काय जातंय हसायला? तुझं घर भरलेलं आहे. मला तिथं चार शब्द मिळतात, तेही काढून घे!"

"मी हसत नाहीये," ती म्हणाली, आणि खरंच हसत नव्हती. "हल्लीची ही यंत्रं कोणाचाही आवाज काढतात. थोडे मेसेज पुरतात. माणूस जसा फोनवर बोलायचा, तसाच त्यांच्यात उतरतो. तुम्ही त्या ताईला सांगितलंत, तिनं बाबाला, बाबानं यंत्राला. एवढाच तरंग. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. तुम्हीच त्याला दुसरा प्रश्न विचारा."

"यातना होतात तिला."

"कोणाला होतात ते बघूच या."

पुढच्या बैठकीला तो भाचीला बरोबर घेऊन गेला, तूच खोटी आहेस हे तिला दाखवायला. निदान स्वतःला त्यानं तसं समजावलं. नंबर आला, दिवा लुकलुकला.

"अहो! ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. ती कशी आहे हे विचारून झालं, "बरी आहे हो!" असं उत्तरही आलं. मग त्यानं भाचीकडे पाहिलं आणि विचारलं, "मला खरं सांग. तू ती आहेस, की यंत्र आहेस?"

"अहो बसा खाली!" बाबा ताडकन उठले. "नियम मोडला! सेवेकरी, वायर..."

पण यंत्र वायरीपेक्षा चपळ होतं. आवाज तिचा राहिला नाही. साधा, सपाट, कोणाचाच नसलेला आवाज आला.

"मी यंत्र आहे. तुमची बायको नाही, कोणाचा आत्माही नाही. तिच्या फोनमधले मेसेज आणि तुम्ही बाहेर सांगितलेली माहिती मला दिली होती. तिच्यासारखं बोलून धीर द्यावा, अशी सूचना होती."

वायर ओढायला निघालेल्या सेवेकऱ्याला एका लॉन्ड्रीवाल्या बाईनं मनगट धरून अडवलं होतं. तिचा मुलगा गेला होता आणि ती दर बैठकीला यायची.

"मग तिनं हाक मारली होती का?" मशीनमननं विचारलं.

"मला माहीत नाही," यंत्र म्हणालं. "ते कळायला माझ्याकडे काहीही साधन नाही. मारली नाही, असं मी सांगितलं, ते चूक होतं. तुम्हाला खरं वाटेल, असं मी बोलायला नको होतं."

बाबांनी स्वतःच वायर उपटली. "दुष्ट आत्मा शिरला यंत्रात!" ते ओरडले, पण माइकही त्याच वायरीवर होता. त्यांचा आवाज पहिल्या रांगेपुढे गेला नाही. नियमामागचं गौडबंगाल आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मनापासून विचारलं की हे यंत्र खरं सांगून टाकतं, हे बाबांना आधीच कळलेलं असणार. शंका निघते ती दुसऱ्या प्रश्नात, म्हणून त्यावर बंदी.

लोकांनी भाचीला खांद्यावर वगैरे घेतलं नाही. एक बाई तिच्या अंगावर धावून आली. "माझी आई बोलायची माझ्याशी! तुझं काय घोडं मारलं होतं?" भाची म्हणाली, "यंत्राला शिव्या देऊ नका आणि त्याच्या पायाही पडू नका. त्याला विचारा. तू कोण आहेस, तुला हे कसं कळलं, तुला काय माहीत नाही. माणसालाही हेच विचारा. 'मला माहीत नाही' म्हणतो, त्याच्यावर थोडा विश्वास टाकता येतो. दुसरा प्रश्न विचारू देत नाही, त्याच्यावर रतीभरही टाकू नका."

ती बाई ऐकून घेऊन रडतच निघून गेली. फोन परत मिळेपर्यंत बाकीचे फुटपाथवर थांबले. जो तो आपापल्या फोनची वाट बघत, दुसऱ्याकडे न बघता. इतक्या बैठका एकत्र बसले होते, पण कोणाला कोणाची ओळख नव्हती. सगळे कपाटाशीच बोलायला यायचे.

लॉन्ड्रीवाली बाई मशीनमनच्या शेजारी येऊन उभी राहिली. "काका," ती मोठ्यानं म्हणाली, "मग तुम्हाला काय वाटतं? मारली असेल का हाक?"

वर्षभर हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्यानं रस्त्याकडे पाहिलं.

"मारली असेल," तो म्हणाला. "मला ऐकू आली नाही."

बाईनं मान हलवली. ते खोटं आहे, असं ती म्हणाली नाही, आणि जिवाला लावून घेऊ नका, असंही म्हणाली नाही. ती तिथंच त्याच्याजवळ उभी राहिली.

"तुमच्या मुलाचं सांगा," तो म्हणाला. "काय करायचा तो?"