डॉक्टर वाचतायत

"आजी, डॉक्टर आजोबा गेले तेव्हा तुम्ही रडला का नाहीत?"

विचारून झालं आणि अंबिकाला वाटलं, जीभ चावावी. प्रश्न खरं तर तिचा नव्हताच. "वक्तृत्वात ढाल आणलीस ना, मग शेजारच्या म्हाळसाआजींना हे विचारून दाखव," असं सायली आणि प्रेरणानं तिला क्लासबाहेर डिवचलं होतं. आणि ढाल मिळाल्यापासून अंबिकाला वाटायचं, जगात कुणालाही काहीही विचारता येतं.

म्हाळसाबाई शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"कवा रडू?" त्या म्हणाल्या. "मला ठावंच नव्हतं."

पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत डॉक्टर सूर्यभान शिंगाडे म्हणजे एक प्रकरणच होतं. मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला शिकलेला माणूस. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला लागतात, तसे हे शिकायला लागले. सत्तरीत मोडी शिकले. मग गुलमंडीत एका अत्तरवाल्या चाचांच्या दुकानात खाली बसून उर्दू अक्षरं गिरवली. चुकलं की चाचा गुडघ्यावर टिचकी मारायचे आणि डॉक्टर खूश व्हायचे. फ्रिज दुरुस्त करायला आलेला माणूस तर त्यांच्या तावडीतून तासभर सुटायचा नाही. गणित तेवढं राहून गेलं म्हणून अंबिकाला अकरावीत जे शिकवतील ते तिच्याकडून शिकून घ्यायचे. ती दारात दिसली की काठी टेकत उभे राहायचे. "या, मास्तरीणबाई." ज्याच्याकडून शिकायचं तो बसल्याशिवाय आपण बसायचं नाही, हा त्यांचा नेम.

दुसरा नेम घरासाठी होता. डॉक्टर वाचत असले की कुणी बोलायचं नाही. हाक नाही, भांड्याचा आवाज नाही. चहा ठेवायचा आणि मागं सरायचं.

"त्या दिवशी जेवले, खुर्चीत बसले," म्हाळसाबाई सांगू लागल्या. "पुस्तक मांडीवर. म्या चहा ठिवला. गार झाला. उचलला, दुसरा ठिवला. त्योबी गार. म्हणलं, आज पुस्तक लई अवघड दिसतंय. समोरच बसले व्हते मी, त्वांड मिटून. दिवेलागणीला तुझी आई दही मागायला आली, तिला शंका आली. तिनंच हात लावला."

अंबिकाला पुढचं माहीत होतं. आई तशीच पळत घरी आली होती, हातात रिकामी वाटी.

"मग माणसं जमली. आमचा हनुमान पुण्याहून आला. बाया म्हणल्या, रडा, मोकळ्या व्हा. पर मी दुपारभर त्यांच्यापाशी बसून आले व्हते, तेबी गप. मागून कसलं रडू?"

"एक हाक मारायची ना, आजी."

"सारी उमर नाय मारली. त्याच दिवशी कशी मारू?"

अंबिकानं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. मग न राहवून म्हणाली, "त्यांनी तुम्हाला वाचायला नाही शिकवलं कधी?"

"त्यांला शिकायची हौस. शिकवायला फुरसत कुठं व्हती?"

आवाजात तक्रार नव्हती. आज पाणी येणार नाही असं सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. अंबिकाला डॉक्टर फार आवडायचे. अजूनही आवडत होते, आणि त्याचाच आता त्रास होत होता. सोळा वर्षांच्या पोरीसाठी उठून उभा राहणारा माणूस, आणि त्याच्या मागं कप घेऊन जन्मभर उभी राहिलेली ही बाई. इतक्या वेळा ती या खोलीत बसली, तिला हे एकदाही दिसलं नव्हतं.

खोलीतली कपाटं आता रिकामी होती. पुस्तकं हनुमानकाकांनी एका कॉलेजला देऊन टाकली होती. रविवारी ते म्हाळसाबाईंना, आपल्या आईला, पुण्याला न्यायला येणार होते. रात्री सोबतीला कुणी असतं तर इथंच ठेवली असती, एकटीला ठेवून मला झोप लागायची नाही, असं त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं. काका काही वाईट नव्हते.

"जाणार तुम्ही?" अंबिकानं विचारलं.

"न्हेल तो. सून चांगली हाय. पर दोघंबी दिसभर कानात घालून कॉम्पुटरवर बसत्यात. 'आई, मीटिंग चालू आहे.' म्हंजी तिथंबी गपच." त्यांनी टरफलं पदरातून झटकली. "इथं आता कुठं बोलाया लागले गं मी. परवा हातातनं परात पडली. केवढा आवाज. मी दचकून खुर्चीकडं बघितलं. मग एकटीच हसत बसले, आन् हसता हसता..."

अंबिकानं त्यांच्या पुढ्यातल्या थोड्या शेंगा स्वतःकडं ओढल्या आणि फोडत बसली. फोन दोनदा थरथरला. सायली असणार, काय म्हणाल्या ते विचारायला. तिनं तो पालथा घातला.

घरी ताटं वाढली होती. आई तव्यावरची भाकरी उलटत होती, बाबा कांदा फोडत होते. अंबिका उभ्यानंच म्हणाली, "मी आजपासून म्हाळसाआजींकडं झोपायला जाणार. बारावी होईपर्यंत."

"काय?" आई वळली. "आणि अभ्यास? अगं, त्या म्हातारीला आता लई बोलायला लागतं. ती रात्रभर डोकं खाईल तुझं."

"खाऊ दे."

"आधी विचारायची पद्धत असते, बाई," बाबा म्हणाले.

"मी विचारत नाहीये, बाबा, सांगतेय. रविवारी येऊ नका म्हणून हनुमानकाकांना फोन तुम्ही करता, का मी करू?"