उरले ते दोन पुठ्ठे

मित्रांनो, मी इंग्रजी शिकवणारे एक जुने पुस्तक आहे. असे मी अजूनही म्हणते खरे, पण मला हातात घेतलेत तर तुम्हाला हसू येईल. माझ्यात छापलेले एकही पान नाही. दोन पुठ्ठे, मधली दोऱ्याची शिवण आणि पाठीवर अर्धेमुर्धे उरलेले नाव, एवढाच माझा संसार.

छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी एकशे बारा पानांचे होते. आधी व्याकरण, मग रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार. एका शिक्षिकेने मला बारा वर्षे वापरले. वर्गात मला उंच धरून त्या म्हणायच्या, "हे पुस्तक नसतं तर माझं काही खरं नव्हतं." ते ऐकून मी फुलून जायचे. पुढे त्या निवृत्त झाल्या, घर आवरले आणि मी रद्दीच्या दुकानात गेले. तिथे चार वर्षे मी जुन्या मासिकांखाली दबून होते. कौतुकाची सवय झालेल्याला अडगळ फार जड जाते.

तिथून मला काजताईने उचलले. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती अठरा वर्षे बटणांसाठी काज करण्याच्या मशीनवर बसत होती, म्हणून सगळे तिला काजताई म्हणत. मशीनच्या थरथरीने तिची बोटे बधिर होऊ लागली होती. वर्षभरात दोनदा सुई बोटात गेली, आणि दोन्ही वेळा रक्त दिसल्यावरच तिला कळले. डॉक्टरांनी सांगितले, मशीन सोडा. कारखान्यात तपासणी खात्यात एक जागा निघणार होती. तिथे मशीन नव्हते, पण परदेशातले तपासनीस येत, त्यांच्याशी इंग्रजीत बोलावे लागे. मुलाखत तीन महिन्यांवर होती. ती जागा मिळाली नाही तर काजताईपुढे दोनच वाटा होत्या. घरी बसायचे, नाहीतर बोटे गमवायची.

आता तिच्या कारखान्याची एक रीत सांगते. तिथे कपड्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठ्यांची पट्टी लावलेली असते. आपले काम झाले की आपली चिठ्ठी फाडायची आणि डब्यात टाकायची. चिठ्ठी फाटली म्हणजे काम संपले. अठरा वर्षांत हे तिच्या हाडीमाशी खिळले होते.

पहिल्याच संध्याकाळी तिने माझी प्रस्तावना उघडली. त्यात पाठ करण्यासारखे काही दिसेना, म्हणून टर्रकन फाडली. त्याच पानावर ठळक अक्षरांत छापले होते, 'प्रत्येक धडा निदान दहा वेळा पुन्हा वाचावा.' मी ओरडणार कसे? माझ्याजवळ अक्षरे ढीगभर होती, आवाज मात्र नव्हता.

त्यानंतर रोज एक पान पाठ होई आणि रोज एक पान जाई. कधी जोर आला तर दोन. तिचा नवरा रंगारी होता. घरांच्या भिंती रंगवायचा. फाटलेली पाने तो ब्रश पुसायला नेई.

"अगं, पुस्तक आहे ते. फाडतेस कशाला?" त्याने एकदा विचारले.

"झालेलं काम टेबलावर ठेवलं की मुकादम ओरडतो."

"इथे कुठे मुकादम आहे?"

"डोक्यात आहे ना," ती म्हणाली. "तू विचार बरं मला."

तो विचारायचा, ती उत्तरे द्यायची. "सोपं काम म्हणजे पीस ऑफ केक," असे तिने सांगितले तेव्हा तो खो खो हसला. "केकचा तुकडा? आपला डाव्या हातचा मळ काय वाईट होता?" तीही हसली. खोटे कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला फाटण्याचे दुःख नव्हते. कोणीतरी मला इतक्या जिवापाड शिकत होते.

शेवटचे पान गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर सूचना लागली. मुलाखत दोन महिने पुढे गेली होती.

पहिले काही दिवस ती निर्धास्त होती. मग वाक्ये निसटू लागली. आज एक, उद्या तीन. एका संध्याकाळी तिने मला उघडले आणि रिकाम्या शिवणीवर बोट फिरवत बसून राहिली. रंगाऱ्याने आपली पिशवी उलटी केली. एकच पान निघाले, तेही निळ्या रंगाने पुरते माखलेले.

"दुसरं पुस्तक आणू," तो म्हणाला. त्याने दुकाने पालथी घातली, पण तिला झेपेल असे मराठीत समजावणारे एकही मिळाले नाही.

मुलाखतीला तिने मला शकुन म्हणून पिशवीत नेले. तपासनिसाने हळू, सोप्या इंग्रजीत विचारले, शिवताना सुई मोडली तर तुम्ही काय करता? मित्रांनो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? मशीन थांबवायचे, सुईचा कण न् कण शोधायचा, कागदावर चिकटवायचा, आणि सगळे तुकडे जुळेपर्यंत गठ्ठा हलू द्यायचा नाही. त्यासाठी लागणारी, थांबवणे, शोधणे, चिकटवणे अशी रोजची सारी वाक्ये माझ्या एकाहत्तराव्या पानावर होती. ती तिला पाठही होती, कधीकाळी.

"नीडल... आय..." ती म्हणाली आणि थांबली. मग हातांनी दाखवू लागली. तपासनीस मान हलवत होता, पण त्याला काही उमगत नव्हते. मी तिच्या मांडीवर, पिशवीत होते. इतके जवळ असून मी तिला एक शब्द देऊ शकले नाही.

जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. काजताई अजूनही मशीनवरच बसते. परवा तिसऱ्यांदा सुई लागली.

आता संध्याकाळी ती शर्टांच्या पॅकिंगमधले कोरे कागद आणते आणि आठवेल ते इंग्रजी त्यांवर लिहून माझ्या पुठ्ठ्यांत ठेवते. दहा वाक्यांतली चार चुकलेली असतात. मला ती दिसतात. बरोबर काय होते तेही मला ठाऊक आहे. चुकलेली वाक्ये ती मन लावून पाठ करते आणि मी ती पोटात घेऊन गप्प राहते.

मित्रांनो, पाठ झालेले पान फाडू नका. पाठ झालेलेच आधी विसरायला होते. पण माझे मागणे तेवढेच नाही. तुमच्या शेजारीही असे कोणीतरी कागद घेऊन बसलेले असेल. त्याच्याजवळ घटकाभर बसा, आणि चुकले तिथे हळूच सांगा. मला बोलता येत नाही. तुम्हाला येते.