उघडी कपाटं

अभिजीतने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"सर, हे वहिनीनं कधी लिहिलं?"

सुधाकर सर चष्मा सावरत वाकले. माधव नगरातल्या त्यांच्या क्लासमध्ये चारही कॉम्प्युटरांवर त्यांनी नुकतीच एक फुकट सिस्टिम घातली होती. अभिजीत स्वतःच्याच नावाने लॉगिन करून आत आला होता, आणि समोर त्याच्या वहिनीचा, जयूचा अर्ज उघडा होता. इंदूरच्या शाळेत शिक्षिकेची जागा. राहण्याची सोय असल्यास कळवावे. कृपया घरी फोन करू नये.

"तुला तिचा पासवर्ड कुणी दिला?"

"पासवर्ड कशाला? तिच्या नावावर क्लिक केलं, उघडलं. तुम्हीच तर शिकवलं ना."

शिकवलं होतं खरं. त्या सिस्टिममध्ये प्रत्येकाचं फाइली ठेवायचं कपाट वेगळं असे, पण कुलूप लावल्याशिवाय दुसऱ्यालाही आत डोकावता येई. कुलूप कसं लावायचं हे सरांना ठाऊक होतं. लावलं नव्हतं. शाळेत गणित शिकवताना ते मुलांना पाट्या उंच धरायला लावत. शेजारच्याची रीत बघून पोर शिकतं, असा त्यांचा अनुभव. पाटी छातीशी धरणाऱ्याला ते हसून विचारत, "काय रे, खजिना आहे का?" इथेही पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "ही सिस्टिम कशी बनवली तेसुद्धा जगाला उघडं आहे. मग आपण काय लपवायचं?" सगळे हसले होते. जयूही.

"अभिजीत, घरी बोलू नकोस."

"बघा सर, आमच्याकडे कुणी काही लपवत नाही. अन् वहिनी! बताया भी नहीं किसी को." त्यानं प्रिंटर चालू केला.

छापलेला अर्ज घरी पोचला, आणि इंदूरच्या मुलाखतीला जयू गेली नाही. क्लासला येणंही थांबलं. सरांनी एकेका मशीनवर बसून सगळी कपाटं बंद केली, सगळ्यांचे पासवर्ड नव्यानं घालायचे ठरवले. मग इंदूरला फोन लावला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, शनिवारपर्यंत थांबते, पण तिनं स्वतः कळवायला हवं.

नवा पासवर्ड घालायला या, असा निरोप सरांनी सगळ्यांना धाडला, तेव्हा शुक्रवारी जयू आली. मागोमाग अभिजीत.

"अभिजीत, टावर चौकातून जरा कचोऱ्या आणतोस का? मी पैसे देतो."

"नाही सर. आईनं सांगितलंय, साथ में ही रहना."

तो दाराशी स्टूल घेऊन बसला आणि खाली रस्त्यावर पाहू लागला. सर जयूच्या खुर्चीशेजारी वाकले. वर्गात कधी बोलले नव्हते इतक्या हळू बोलले.

"आता कुणाचं कुणाला दिसत नाही, पोरी. मीही बघणार नाही. इंदूरची जागा उद्यापर्यंत आहे. तू फक्त लिही, पाठवायचं मी बघतो."

जयूनं मान हलवली नाही. पण पदराशी चाळा करणारी तिची बोटं थांबली.

पडद्यावर नव्या पासवर्डची रिकामी चौकट आली. सरांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि भिंतीवरच्या फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ एकही बटण वाजलं नाही.

मग मागून तिचा आवाज आला, नेहमीचा, मऊ.

"भाऊजी, पासवर्ड काय ठेवू?"