आधी गोड वाक्य

आमच्या कॉलेजात देणग्या गोळा करायचं काम विद्यार्थ्यांकडूनच करून घेतात. तळमजल्यावर एक कोंदट खोली आहे. तिथं आम्ही दहाबारा जण हेडसेट लावून बसतो आणि इतर मुलांच्या आईवडिलांना, आजीआजोबांना फोन करतो. आईवडील फी भरूनच मेटाकुटीला आलेले असतात, त्यांच्याकडून फार काही निघत नाही. आजीआजोबा मात्र नातवंडाचं नाव काढलं की लोण्याहून मऊ होतात.

देखरेखीला एक बाई आहेत. आम्ही त्यांना मुकादम म्हणतो, अर्थात पाठीमागे. त्यांचा एकच मंत्र: आधी गोड वाक्य, मग देणगी. गोड वाक्य म्हणजे नातवंडाचं कौतुक. ते पडद्यावर तयारच असतं, आपण फक्त वाचायचं. खरं की खोटं, हे मी एकदा विचारलं होतं. "कौतुक कधी खोटं असतं का गं?" म्हणाल्या. तेव्हापासून मी नुसती वाचते.

आमचं यंत्र आपणहून नंबर लावतं. पलीकडून कुणी उचललं की मगच पडद्यावर माहिती उमटते. त्या दुपारी एका म्हाताऱ्या आवाजानं "हॅलो" केलं. "नमस्कार आजोबा, तुमच्या नातीच्या कॉलेजातून बोलतेय," मी ठोकून दिलं आणि नातीचं नाव घ्यायला पडद्याकडे पाहिलं.

नाव माझं होतं.

माझं, बाबांचं, मग आडनाव. वर्ग माझा, वर्षही माझंच. मला वाटलं, काहीतरी घोळ झाला. बाबांच्या वडिलांना तर जाताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आईचे वडील मी जन्मायच्या आधीच गेले. निदान आई तसंच सांगत आली आहे आणि विषय वाढला की उठून स्वयंपाकघरात जाते. मी देणगीदाराचं नाव वाचलं. आडनाव आईच्या माहेरचं होतं.

"बोल ना गं," ते म्हणाले. "यंदा काय केलं आमच्या नातीनं?"

पडद्यावर लिहिलं होतं, 'नृत्यस्पर्धेत पहिला क्रमांक'. ते मी वाचलंच नाही. "आजोबा, तुम्ही तिचे नक्की कोण?"

"तिच्या आईचा बाप. म्हणजे होतो." ते हसले. "माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणून मी पोरीला म्हणालो, आजपासून तू मला मेलीस. तिनं मलाच मारून टाकलं. फिट्टंफाट! नात झाली तेही परक्याकडून कळलं. ती तुमच्या कॉलेजात आली म्हटल्यावर मी स्वतः तुमच्या ऑफिसात येऊन आजोबा म्हणून नाव घातलं. वर्षातून एकदा कुणीतरी मुलगी फोन करते, तिची खुशाली सांगते. पहिल्या वर्षी कळलं, गळा गोड आहे. गेल्या वर्षी कळलं, पोहण्यात कुणाला हार जात नाही. मी सगळ्यांना सांगत सुटतो. शेजारी आता मला बघून दार लावून घेतात."

मला संताप आला. आईचा आला, या म्हाताऱ्याचा आला आणि सगळ्यात जास्त त्या गोड वाक्यांचा आला. मी गायला लागले की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. हा माणूस भलत्याच पोरीवर जीव लावून बसला होता, आणि ती पोरगी आमच्या मुकादमबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या घडवली होती.

तेवढ्यात बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मी गप्प का, म्हणून पडद्यावर बोट ठेवून खुणावलं, वाच.

"तिला गाता येत नाही, आजोबा," मी म्हणाले. "पोहता तर मुळीच येत नाही, गुडघाभर पाण्यात रडायला लागते. हिशेबाच्या पेपरात सपशेल आपटली. नाचाचं नावच काढू नका. आणि भयंकर तापट आहे."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. वर्षातून एकदा मिळणारी एवढीशी खुशाली, तीही मी हिसकावून घेतली होती. झालं, मला वाटलं, आता फोन ठेवतील.

"तापट?" त्यांनी हळूच विचारलं. "म्हणजे दारं वगैरे आपटते?"

"एकदा बिजागरी निखळली."

"मग आमचीच आहे गं ती!" ते जवळजवळ ओरडलेच. मग म्हणाले, "पण एवढं तुला कसं ठाऊक? मैत्रीण का तू तिची?"

मुकादमबाईंनी फोन तोडायला हात पुढे केला. मी तो मनगटापाशी घट्ट धरला. आपण बाईंचा हात धरलाय, हे मला नंतर कळलं.

"मीच ती," मी म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकली, काहीतरी पडलं. मग नुसता श्वास ऐकू येत राहिला, जिना चढून आलेल्या माणसाचा असतो तसा. आता हे मला काय काय विचारतील आणि मी काय सांगणार, याची मी मनात जुळवाजुळव करू लागले. त्यांनी माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही.

"तुझी आई," ते म्हणाले आणि थांबले. "अजून गालाखाली हात घेऊन झोपते का गं? लहानपणी सकाळी हात बधिर व्हायचा तिचा, रडायची. मग मी रात्री उठून तो हळूच काढून ठेवायचो."

"अजून तशीच झोपते," मी म्हटलं. "आता बाबा काढून ठेवतात."