माँमार्त्रमध्ये रूपला

"अजून किती पायऱ्या हायेत बे?" भिंतीला टेकत दौलतसिंग ओरडला.

"मले काहून इचारतं? मी का इथं जलमलो?" जगदेव चिडून म्हणाला.

१९१६ सालचा उन्हाळा होता. रिठदचा जगदेव आणि पोहरादेवीकडचा दौलतसिंग, दोघंही महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत खेचरं हाकायचे. पॅरिसमध्ये एका दिवसाची सुटी मिळाली होती, ती माँमार्त्रची टेकडी चढण्यात चालली होती. त्यांच्या तुकडीतला रूपला हिवाळ्यात तापाने गेला. त्याआधी सुटीवर आला असताना या चित्रकारांच्या वस्तीत एका म्हाताऱ्या बाईने त्याचं चित्र काढलं होतं; तसं त्याने घरीही कळवलं होतं. त्याची आई भुरीबाई हिने गावच्या मास्तरांकडून लिहून पाठवलं होतं : मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा गेला, सात वर्षं पोराचं तोंड पाहिलं नाही. ते चित्र तरी आणा.

रूपलाने सांगितलेली खूण एकच, पवनचक्कीजवळ हिरवं दार.

"इथं तं दोन पवनचक्क्या हायेत," दौलतसिंग करवादला. "अन् अर्धी दारं हिरवी. मी कायले आलो तुह्यासंगं!"

जगदेवने दारामागून दार ठोठावलं. कोणी हसलं, कोणी दार आपटलं. चौकात चित्रं मांडून बसलेल्या एकाने त्याचा फेटा पाहिला आणि दंड धरून त्याला स्टुलावरच बसवलं.

"अरे बावा, माह्यं नाही, त्याचं चित्र पायजे!" जगदेव खेकसला. चित्रकाराने समजल्यासारखी मान डोलावली आणि कोळसा उचलला.

दुपार कलली तेव्हा एका बोळातलं दार उघडलं. म्हातारीने त्यांचा गणवेश पाहिला. "रुप्ला?" म्हणत ती त्यांच्या मागे पाहू लागली. जगदेवने आभाळाकडे बोट केलं. बाई खुर्चीत बसून राहिली.

मग तिने एक चित्र पुढे केलं. त्यात सुरई होती आणि ताटलीत हिरवी फळं. रूपलाच्या चित्राच्या कापडावरच तिने हे नवं रंगवलं होतं. नखाने कोपरा खरवडून तिने खालचा तपकिरी रंग दाखवला.

"एवढी टेकडी चढलो ते पेरू पाह्यले?" दौलतसिंग पाय आपटत बाहेर पायरीवर जाऊन बसला.

बाईने कागद घेतला. आठवून काढू लागली. जगदेवने स्वतःचं नाक दाबून दाखवलं, असं नाही, बसकं. तिने पुसलं. कपाळ चुकलं, हनुवटी चुकली. चार कागद वाया गेले. बाई आणि जगदेव एकमेकांवर आपापल्या भाषेत ओरडत होते.

"डावा कान फाटेल व्हता," दाराशी येऊन दौलतसिंग म्हणाला. "खेचरानं चावलं व्हतं." त्याने कानाची पाळी चिमटीत धरून दाखवली.

पाचव्या कागदावर रूपला आला. दौलतसिंगने तोंड फिरवलं.

लढाई संपल्यावर जगदेव तो कागद घेऊन भुरीबाईच्या तांड्यावर गेला. तिने ओढणीला हात पुसले आणि चित्र धरलं.

"हा कोन व्हय?"

जगदेवने चित्रातल्या फाटक्या कानावर बोट ठेवलं. "रूपला व्हय, माय. नीट पाय ना!"

ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिने अंगठ्याने चित्रातली मिशी हळूच झाकली.

"हां," ती म्हणाली. "हासून राह्यला."

अंगठा तिने उचलला नाही.