मनोरा दिसल्याची नोंद

सकाळी आठला तीन मिनिटं कमी असताना हवामान केंद्राच्या गच्चीवर एक हिरवा पडदा उभा करण्यात आला. दवाखान्यात दोन खाटांमध्ये लावतात तसला. त्याच्या एका बाजूला कायम निरीक्षक, दुसऱ्या बाजूला कंत्राटी निरीक्षक. दोघांनी एकच आभाळ बघायचं, अवाक्षर न काढता तक्ता भरायचा आणि पाकीट बंद करून द्यायचं. नोंदी जुळल्या तर दोघांचं काम समान, असं समिती मानणार होती. समान ठरलं तर पगारही समान.

अर्ज कंत्राटी निरीक्षक बाईचा होता. सहा वर्षं ती त्याच गच्चीवर, त्याच वेळांना, तीच उपकरणं वाचत होती आणि कायम निरीक्षकाच्या पगाराचा जेमतेम तिसरा हिस्सा घेत होती. राहायला भावाकडे. बैठकीच्या खोलीत झोपायचं आणि घर जागं व्हायच्या आत गादी गुंडाळायची. तिला एक भाड्याची खोली हवी होती, खिडकी असलेली. वहिनी वाईट नव्हती, तोंडाने फटकळ. "वन्सं, आभाळ बघायचे पैसे देतात हेच नवल," ती म्हणायची, "वर अर्ज कसले करता?"

पडद्यापलीकडच्या माणसाला ती काका म्हणे. सगळं काम त्यांनीच तिला शिकवलेलं. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि गेली तीन वर्षं त्यांची नजर मधोमध विरत चालली होती. ज्याच्याकडे थेट बघावं तेच पुसलं जायचं, कडेकडेचं शाबूत राहायचं. "तुझ्याकडे बघितलं की मला तुझे दोन कान दिसतात," ते सांगायचे, "मध्ये बाई असेल असं धरून चालतो." उपकरणांचे आकडे ते भिंग तिरपं धरून वाचत. पण तक्त्यात एक रकाना होता दृश्यतेचा: आज कुठवर दिसतं? जवळ पाण्याची टाकी, मग वीटभट्टीची चिमणी, मग पूल आणि सगळ्यांत शेवटी, खाडीपलीकडे, जुना मनोरा. तो वर्षातून दोन-तीनदाच दिसे. हा रकाना ती बोलायची आणि काका लिहायचे. नोंद खरी असायची. डोळे तेवढे त्यांचे नसायचे.

आदल्या संध्याकाळी दोघांनी ठरवून टाकलं होतं.

"थंडीतली सकाळ आहे. धुकं असणारच," काका म्हणाले. "दोघंही टाकी लिहू. टाकी कुठे पळून जात नाही."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर तुझा अर्ज बुडाला आणि माझे डोळे चव्हाट्यावर. एका दगडात आपण दोघंही."

आठ वाजले. समितीच्या अध्यक्षबाईंनी घड्याळ बघून मान हलवली. त्यांच्या कारकुनाने मफलर कानावर ओढला आणि तो पुटपुटला, "अशा थंडीत आभाळ बघणाऱ्याला आधी भत्ता द्या."

धुकं खरंच होतं. टाकी त्यात कुणीतरी विसरून गेल्यासारखी उभी होती. बाईने पेन टेकवलं, 'टा' लिहायला हात वळलाही असता, तेवढ्यात धुकं मध्येच उसवलं. वारा नव्हता, आवाज नव्हता. झोपेत कुणी कूस बदलावी तसं ते बाजूला झालं आणि चिमणी नजरेत आली. मग पूल आला, त्याच्या कमानी पाण्याला न टेकता हवेत तरंगत होत्या. पुलाच्याही मागे, जिथे आभाळ आणि खाडी वेगळी करता येत नव्हती तिथे, मनोरा उगवला. फिकट, करंगळीएवढा. त्याच्या माथ्यावरची एक खिडकीसुद्धा तिला दिसली, निदान तसं वाटलं. आपण तिथूनच इकडे बघतोय आणि ही गच्ची, हा पडदा, हे गारठलेले लोक कुणाच्या तरी स्वप्नातले आहेत, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

मग तिने हातातल्या कागदाकडे बघितलं. सहा वर्षांत तिने न दिसलेलं कधी लिहिलं नव्हतं आणि दिसलेलं कधी गाळलं नव्हतं. पडद्यापलीकडून काकांच्या श्वासाचा आवाज येत होता. तिने 'मनोरा' लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. समितीने पाकिटं जमा करेपर्यंत धुकं परत मिटलं होतं.

खाली उपकरणांच्या पेटीपाशी तिने काकांना गाठलं. "काका, माझ्याच्याने टाकी लिहवली नाही. मनोरा दिसला हो."

"दिसला?" त्यांनी मान वळवून, कडेच्या नजरेने खाडीकडे बघितलं. "स्वच्छ?"

"स्वच्छ. तुम्हाला बुडवलं मी."

"अगं, मीही कुठे टाकी लिहिली? रकाना कोराच ठेवला. खाली लिहिलं, हा रकाना तीन वर्षं बाई बघतात, मी फक्त उतरवतो." ते हसले. "तू बघणार आणि मी पगार घेणार. एवढं तरी स्वतःच्या हाताने लिहावं म्हटलं."

"आणि नोकरी गेली म्हणजे?"

"तेव्हाचं तेव्हा. आधी चहा पाज. तूच पाज, तुझीच चूक जास्त."

समितीचा अहवाल नवव्या दिवशी आला. नोंदी जुळत नाहीत, सबब काम समान असल्याचं सिद्ध होत नाही, असं पहिल्या परिच्छेदात होतं. अर्जदार कायम निरीक्षकाच्या कामाचा काही भागही करते असं दिसतं. समान कामाबद्दल नियम आहे, जास्त कामाबद्दल नाही, असं दुसऱ्यात. काकांना नेत्रतपासणीचं पत्र गेलं. तपासणी होईपर्यंत दृश्यतेचा रकाना त्यांनी स्वतः बघून भरावा, असंही त्यात होतं. तेव्हापासून रोज सकाळी काका तो रकाना कोरा सोडतात आणि बाई आपल्या तक्त्यात भरते. पगार पूर्वीचेच आहेत.

वहिनीने अहवाल दोनदा वाचला. "जास्त करता म्हणून कमी?" ती म्हणाली. "हे कसलं डोकं?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिने नणंदेची गादी स्वतः गुंडाळली.

प्रकरण आता विधी शाखेत आहे. शाखेने गेल्या सोमवारी केंद्राला एक प्रश्न विचारला: या दोघांपैकी कोणाचं काम मूळ धरायचं आणि कोणाचं त्याच्या बरोबरीचं? उत्तराचा मसुदा काकांनी सांगितला आणि बाईने लिहिला. त्यावर केंद्रप्रमुखांची सही अजून झालेली नाही.